चव्वेचाळीस नंबरचा कागद

बुधवार, २९ एप्रिल

दुरुस्ती. १५ मार्चच्या नोंदीत मी लिहिलं आहे, की चर्चच्या तळघरातलं सूपचं जेवण आटोपेपर्यंत मी सह्यांच्या टेबलापाशीच बसले होते आणि सगळ्या सह्या माझ्यादेखत झाल्या. हे खरं नाही. पहिल्या चार माझ्यासमोर झाल्या. मग बर्फ पडायला लागला. मिस बॉसमनना चालत घरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांना गाडीतून सोडायला गेले. आईच म्हणाली, "तू जा, टेबलाकडे मी बघते." मी निघाले तेव्हा पावणेएक वाजला होता. परत आले तेव्हा दीड. आईनं कागद चिमट्याच्या फळीला लावून ठेवला होता, वरचा भाग हातानं झाकलेला. खाली सही कर, म्हणाली. मी केली. सह्या मोजल्यासुद्धा नाहीत.

खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं. घरी येऊन नोंद करताना तो पाऊण तास मला नोंदण्यासारखा वाटलाच नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो आहे. दैनंदिनी लिहायला मला आईनं शिकवलं. आम्ही पाचही भावंडं शाळेत गेलो नाही. आमची शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल आणि समोर आई. दर शुक्रवारी ती वह्या लाल पेन्सिलीनं तपासायची. चूक खोडायची नाही, एक आडवी रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची, म्हणजे चूकही दिसते आणि ती केव्हा कळली तेही दिसतं. आता बाविसाव्या वर्षी मी मार्चच्या पानावर तशी रेघ मारून आले.

त्या कागदाच्या तळाशी छापलेलं आहे: वरची प्रत्येक सही माझ्या समोर झाली. त्याखाली माझं नाव, तिर्झा व्हान्डरकाम्प. हे खोटं ठरलं तर कायद्यानं गुन्हा आहे.

हे सगळं आज का आठवलं, तर काल वेड पोस्टमाच्या वकिलांनी आईच्या उमेदवारीवर हरकत घेतली. जुने खासदार सव्वीस वर्षांनी घरी बसणार हे जानेवारीत कळलं, आणि आमच्या मतदारसंघात अर्धा गाव गुडघ्याला बाशिंग बांधून उभा राहिला. नऊजण होते. उरले तीन: सिनेटर ब्राँखोर्स्ट, ज्यांच्यामागे फारसं कुणी नाही, पोस्टमा आणि आई. ऑगस्टमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीच्या मतपत्रिकेवर नाव यायला हजार मतदारांच्या सह्या लागतात. आम्ही एक हजार त्रेसष्ट दिल्या. पोस्टमाच्या माणसांनी बऱ्याच ओळींवर बोट ठेवलं आहे: कुणी मतदारसंघाबाहेरचा, कुणी दोनदा सही केलेला. त्यात एक ओळ अशी: कागद नंबर चव्वेचाळीस, ओळ बारावी, ट्रेना बॉसमन. ही सही आपली नाही, असं त्यांनी शपथेवर लिहून दिलं आहे.

चव्वेचाळीस माझा कागद. आणि ज्या पाऊण तासात ती सही झाली असणार, त्या पाऊण तासात मिस बॉसमन माझ्या गाडीत होत्या.

गुरुवार, ३० एप्रिल

हरकतीबरोबर कागदांच्या प्रती आल्या आहेत. बाबांनी त्या जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवल्या आणि ते कुणाच्या तरी घर गरम ठेवायच्या भट्टीच्या दुरुस्तीला निघून गेले. मे महिना तोंडावर आला आणि यांना अजून भट्ट्यांची कामं मिळतात, याचं मला नवल वाटतं.

मी बारावी ओळ पाहिली. नाव, पत्ता, पिनकोड, तारीख, सगळं बरोबर. अक्षर गोल, उभं, प्रत्येक अक्षर खालच्या रेषेवर नीट टेकलेलं. आधी मला एवढंच जाणवलं, की वाचताना मी कुठे अडखळले नाही. बाकीच्यांचं कोंबडीनं पाय फिरवल्यासारखं आहे. मग आठवी, नववी, तेरावी, चौदावी, पंधरावी ओळ पाहिली. कुठे तिरकं केलंय, कुठे घाईचं दाखवलंय, पण हात एकच. सहा ओळी.

टॉड मॅकनीली. दुसरं कोण? निवडणूक लढवून देणारा म्हणून आईनं त्याला ग्रँड रॅपिड्सहून आणला. सगळे कागद जमा करायच्या आधी महिनाभर त्याच्याच ऑफिसात होते. फेब्रुवारीत तो माझ्या तोंडावर म्हणाला होता, की तुझ्यासारखी पोरगी सह्यांना पाठवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला ठेवण्याच्या बरोब्बर उलट, दूध नासेल पण मांजर हात लावणार नाही. सगळे हसले. मीही हसले. आता त्याच मांजराच्या नावावर दूध पिऊन मोकळा झाला. अक्षर मात्र चांगलं आहे त्याचं. वाटलं नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि खाली उतरत नाही. प्रार्थना करून पाहिली. प्रार्थनेतही मी त्याच्याशीच भांडत होते.

शनिवार, २ मे

मिस बॉसमनकडे गेले. त्या त्र्याऐंशी वर्षांच्या. गावच्या शाळेत एक्केचाळीस वर्षं शिकवलं, आणि आमच्या घरानं एकही मूल त्यांच्या वर्गात पाठवलं नाही हे त्या विसरलेल्या नाहीत. मी दारात उभी राहिल्याबरोबर म्हणाल्या, "ये. वकील येऊन गेला, वार्ताहर येऊन गेला. जिनं यायला हवं होतं ती शेवटी आली."

कॉफी दिली, बशीत एकच बिस्किट. मी माफी मागायला लागले, तर कशाबद्दल ते आधी सांग, म्हणाल्या. मला सांगता येईना. कशाबद्दल हे मलाच अजून कळलेलं नाही, असं म्हणाले. निदान खरं बोलतेस, म्हणाल्या.

त्या दिवशी गाडीत त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं: सही देणार नाही. पोस्टमाला दिली नाही, ब्राँखोर्स्टला नाही, तुझ्या आईलाही नाही. सही म्हणजे काय रस्त्यावरचं कुत्रं आहे, शिट्टी मारली की यायला? हे मला शब्दन्‌शब्द आठवतं. त्यांनाही.

"वकिलानं दोन प्रश्न विचारले," त्या म्हणाल्या. "ही सही तुमची आहे का? नाही. कुणी केली ठाऊक आहे का? नाही. तिसरा त्यानं विचारला नाही."

"कोणता?"

"त्या वेळी मी कुठे होते आणि कुणाबरोबर."

त्यांनी बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

"मी आपण होऊन सांगणार नाही, तिर्झा. तुझ्या आईवर उपकार म्हणून नव्हे. ते तुझं आहे. दुसऱ्याचा गृहपाठ मी कधी केला नाही."

परत येताना मला त्यांचाही राग आला. सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? सगळ्यांना माझ्याच वहीत लिहायचं आहे, लिहायची वेळ आली की मात्र पेन्सिल माझ्या हातात.

सोमवार, ४ मे

पोस्टमा काल बाजारपेठेत बोलला. मी मागे उभी राहून ऐकलं, कारण विरोधकाचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकावं असं आम्हाला शिकवलं आहे.

आई का उभी राहिली ते इथे एकदा नीट लिहून ठेवते, कारण गेले काही दिवस या वहीत फक्त सह्याच आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या काउंटीच्या हॉस्पिटलचा बाळंतपणाचा विभाग बंद झाला. विश्वस्तांचा अध्यक्ष पोस्टमा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी थोरली बहीण हदासा हायवेच्या कडेला बाबांच्या व्हॅनमध्ये बाळंत झाली, भट्ट्यांच्या नळ्या आणि पत्र्यांच्या मध्ये. पुढचं हॉस्पिटल एकोणपन्नास मैलांवर. मी तिथे होते. बाळ आधी रडलंच नाही. किती वेळ ते मला सांगता येत नाही. मला वेळ नेमकी सांगता आली नाही असं ते एकदाच. तिचं नाव विल्ला. पंधरा महिन्यांची आहे, डाव्या हातात अजून पकड नाही. तिच्यामुळेच मी ऑगस्टपासून नर्सिंगला जाणार आहे.

काल कुणीतरी पोस्टमाला त्याबद्दल विचारलं. तो हात पसरून म्हणाला, "पोरगी ठणठणीत आहे की हो. गेल्या रविवारी चर्चमध्ये पाहिली मी. गुबगुबीत आहे."

लोक हसले. वाईट मनानं नव्हे. गुबगुबीत बाळ म्हटलं की लोक हसतात. तो सरळ माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्या सहीबद्दल खरं बोलले, तर वॉशिंग्टनला जायचा तो हाच.

बुधवार, ६ मे

टॉड आज आला. मी त्याला स्वयंपाकघरातच गाठलं. आई फोनवर होती, दुसऱ्या खोलीत. बाबा नळाखाली हात धूत होते.

मी प्रत टेबलावर आपटली आणि सहा ओळींवर बोट ठेवत गेले. तू माझ्या कागदावर खोट्या सह्या केल्यास, म्हणाले. राजधानीत, लॅन्सिंगला, निवडणूक मंडळापुढे मी हे सांगणार, म्हणाले. आवाज चिरकला, पण सगळं बोलले.

टॉडनं प्रत उचलली, चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. मग हसला. मस्करीचं हसू नव्हतं.

"बाळ, माझं अक्षर औषधाच्या दुकानातसुद्धा वाचता येत नाही," तो म्हणाला. बाबांकडे बघून म्हणाला, "हार्व, हिला कुणी सांगितलंच नाहीये का?" आणि कोट उचलून बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

मी बाबांना म्हटलं, हा पळून जातोय, थांबवा त्याला. बाबा हात पुसत राहिले. पंचा खाली ठेवून पुन्हा उचलला, पुन्हा पुसले.

"कागद टॉडकडे गेले सतरा मार्चला," ते म्हणाले. "सोळाला मी ते फळ्यांवरून काढून मोजले. तुझ्या कागदावर पंधरा होत्या."

एवढंच. मग त्यांना कुणाच्या तरी भट्टीचं काम आठवलं.

मी प्रत पुन्हा पाहिली. मग वर गेले आणि मी सहा वर्षांची असतानाची कित्त्याची वही काढली. पहिली ओळ आई घालून द्यायची, खाली मी गिरवायची. पान उघडायचीही गरज नव्हती.

एक आठवडा मी ते अक्षर रोज बघत होते. कुणीही हसेल मला.

शुक्रवार, ८ मे

दोन दिवस मी आईशी बोलले नाही. तिला ते कळलं की नाही ठाऊक नाही. तिचा फोन बंदच होत नाही. आज दुपारी ती एकटी सापडली, ॲस्परॅगसचे देठ कापत. जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी म्हणाले, "टॉडनं नाही केलं."

"नाही," ती म्हणाली. सुरी चालूच.

"मी त्याच्यावर आरोप करून मोकळी झाले. तुला माहीत होतं, मी त्याच्यावर संशय घेतेय ते."

"तो असल्या गोष्टी मनाला लावून घेत नाही."

मग तिनं सुरी ठेवली. "तिर्झा, ती सगळी माणसं हो म्हणाली होती. सूप पिताना, कोट घालताना, मला हाताला धरून म्हणाली होती, कॉरिन, आमची सही धर. बर्फ वाढला म्हणून निघून गेली. मी त्यांचं हो कागदावर आणलं. चर्चच्या तळघरात दिलेला शब्द शब्द नसतो का?"

इथे मला क्षणभर पटलं, हेही लिहायला हवं. आमच्याकडे माणसं अशीच हो म्हणतात, आणि तो शब्द पाळतात. त्या पाचजणांपैकी एकानंही अजून तक्रार केलेली नाही. आपण सही केली होती की नव्हती, हे कदाचित त्यांना स्वतःलाही आठवत नसेल.

"मिस बॉसमन हो म्हणाल्या नव्हत्या," मी म्हणाले.

"विल्लाला मांडीवर घेऊन रडल्या होत्या त्या. याच टेबलावर. त्याचा अर्थ काय होतो?"

"त्याचा अर्थ त्या रडल्या."

मी विचारलं, तुझ्या स्वतःच्या नावाचे नऊ कागद होते, हदासाचे होते, मग माझ्याच कागदावर का?

"कारण तुझ्या कागदाकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही," ती म्हणाली. कौतुक केल्यासारखं म्हणाली. अगदी त्याच सुरात, ज्यात ती लहानपणी वही परत द्यायची.

मी काय ओरडले ते लिहीत नाही. ती थांबली माझं होईपर्यंत. मग म्हणाली, "खाली सही कुणी केली? मी हात धरला होता का तुझा? मी तिथे नव्हते गं आई, एवढं वाक्य तुला बोलता आलं नाही तेव्हा?"

नाही आलं. दीड वाजला होता, भांडी राहिली होती, आणि तिनं फळी पुढे केली होती. तिनं पुढे केलेल्या कागदावर मी आयुष्यभर लिहीत आले आहे.

शेवटी ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं या टेबलाशी बसले मी. पाच मुलांच्या बेरजा, पाच मुलांचे कित्ते. एकदा कुणी विचारलं नाही, कॉरिन, तुला काय येतं? या जानेवारीत पहिल्यांदा खोलीभर लोक मी काय बोलते ते ऐकायला गप्प बसले. पहिल्यांदा."

प्रश्न सह्यांचा होता. टेबलाचं मध्येच काय निघालं ते मला कळलं नाही. उत्तर द्यायचं नसलं की ती विषय बदलते.

रविवार, १० मे

मातृदिन. चर्चमध्ये प्रत्येक आईला कार्नेशनचं एक फूल देतात, आणि ताट घेऊन फिरायची पाळी या वर्षी माझी. यादी महिन्यापूर्वीच लागली होती. बदलून घ्यायला कारण सांगावं लागलं असतं. मी तिलाही दिलं. "थँक यू, स्वीटी," ती म्हणाली, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. हल्ली ती सगळ्यांचाच असा धरते.

मिस बॉसमनना मूल नाही, म्हणून त्यांना फूल द्यायचं नसतं. मी दिलं. कुणीतरी कुजबुजलं. कुजबुजू दे.

मंगळवार, १२ मे

सुनावणी गुरुवारी, २१ तारखेला आहे. आज टॉडनं मला गाडीत बसवून पाऊण तास शिकवलं. त्याची आधी माफी मागितली मी. आरोप खोटा होता. त्यानं खांदे उडवले. मला यापेक्षा वाईट शब्दांनी ओळखतात, म्हणाला.

त्याचं म्हणणं सोपं होतं. मंडळाचे कर्मचारी बॉसमनची एक ओळ रद्द करतील, करू दे. तेवढ्यानं आपण पडत नाही. एका ओळीला खुलासा असतो: गर्दी होती, कुणीतरी दुसऱ्याच्या नावानं खरडलं. पण गोळा करणारीच म्हणाली, की मी तिथे नव्हते, तर अख्खा कागद जातो, पंधराच्या पंधरा. आणि ते एकच माणूस म्हणू शकतं.

"तुला कुणी बोलावणार नाही," तो म्हणाला. "चुकून बोलावलंच, तर दोन शब्द: आठवत नाही. आठवत नाही हे खोटं नसतं. डोक्यात काय आहे ते कुणाला दिसतं?"

मला दिसतं, म्हणाले.

तो वैतागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नीट ऐक. बोललीस तर गुन्ह्याची नोंद आईच्या नावावर होणार नाही. तिची सही त्या कागदावर कुठेच नाही. होईल ती तुझ्या नावावर. नर्सिंगवाले विचारतात ना, कधी शपथेवर खोटं लिहिलंय का? काय लिहिशील?"

खरं लिहीन, म्हणाले. आणि मग दार उघडून घराच्या मागे जाऊन ओकले. मी शूर नाही. हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर ही वही वाचणाऱ्याला वाटेल मी फार ताठ आहे.

गुरुवार, १४ मे

हदासा आली. आईनं तिला सांगितलं असणार. विल्लाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसली.

लहानपणापासून माझं असंच आहे, म्हणाली. बिस्किटाचे तुकडे समान झाले नाहीत तर मोजपट्टी आणायची मी. खेळात सगळे जिंकत असले तरी नियम वाचून दाखवायचे मी. तेव्हा हसायला यायचं. आता येत नाही.

"सहा नावं," ती म्हणाली. "सहा म्हाताऱ्या माणसांची नावं, जी तशीही आईलाच मत देणार. आणि त्यासाठी पोस्टमाला वॉशिंग्टनला पाठवणार तू. पुढची बाई त्या रस्त्यावर बाळंत होईल तेव्हा तिला जाऊन सांग, की माझा कागद मात्र स्वच्छ होता."

मी म्हणाले, मी तिथे होते त्या रस्त्यावर.

"होतीस. म्हणून तर मला कळत नाही."

विल्लानं उजव्या हातानं माझी वेणी धरली आणि ओढली. डावा हात शेजारी पडून होता. मी वेणी सोडवून घेतली. हदासा बरोबर असेल. पण मग आईनं आम्हाला शिकवलं ते काय होतं? फक्त आम्ही हरणार नसू तेव्हासाठी होतं का? मग तसं सांगायचं होतं. पहिल्याच पानावर लिहून द्यायचं होतं, सुंदर अक्षरात.

पोस्टमाचा राग येतो, टॉडचा येतो, बाबांच्या त्या पंचाचा येतो. पण हे सगळे राग एकीकडे. दुसरीकडे ती फळी, आणि तिच्यावर आईचा हात. तिनं सहा सह्या केल्या याचा राग मी कदाचित गिळीन. पण तिनं माझा खरेपणा वापरला. तो तिनंच केला होता, म्हणून तिला तो आपला वाटला असेल.

सोमवार, १८ मे

आज कर्मचाऱ्यांचा अहवाल आला. एक हजार त्रेसष्टपैकी त्रेपन्न बाद, त्यात मिस बॉसमनची ओळ आहे. उरल्या एक हजार दहा. शिफारस: कॉरिन व्हान्डरकाम्प यांचं नाव मतपत्रिकेवर घालावं.

माझा कागद गेला तर त्यावर उरलेल्या चौदा जातात. नऊशे शहाण्णव, हजाराला चार कमी.

घरात आनंदीआनंद. बाबांनी आईला उचललं, खरोखर जमिनीवरून उचललं. मी जन्मात पाहिलं नव्हतं. ब्राँखोर्स्टचाही फोन आला, अभिनंदन करायला. टॉड म्हणाला, आता पोस्टमाला शिंगावर घेऊ, आता मजा येईल. सगळे बोलत होते. मी आईला म्हणाले, जरा अंगणात येतेस का?

ती आली. चेहरा उजळलेला होता, दहा वर्षांनी लहान दिसत होती. मला वाटलं, हे मी आत्ता करते आहे, याच मिनिटाला. दुसरं कुणी नाही.

"गुरुवारी मी लॅन्सिंगला बोलणार आहे," मी म्हणाले.

"तुला कुणी बोलावलेलं नाही."

"सामान्य माणसाला तीन मिनिटं मिळतात. आधी नाव द्यावं लागतं. मी शुक्रवारीच दिलं."

तिनं हाताची घडी घातली. घरातून हसण्याचा आवाज येत होता.

"काय सांगणार?"

"पावणेएक ते दीड मी तिथे नव्हते. मिस बॉसमन माझ्या गाडीत होत्या. तळाची सही माझी आहे आणि ती खोटी आहे."

"आणि माझं?"

"तू लिहिताना मला दिसली नाहीस. जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही. तुझं तू सांग, नाहीतर सांगू नकोस."

तिनं वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोस्टमा जिंकेल."

"हो."

"चालेल तुला?"

"नाही," मी म्हणाले. "मला ते अजिबात चालणार नाही."

मला वाटलं ती रडेल, किंवा मारेल. लहानपणी दोनदा मारलं होतं, दोन्ही वेळा खोटं बोलल्याबद्दल. तिनं माझ्या गळ्याशी सुटलेलं बटण होतं ते लावलं आणि वळली. मी तिच्या पाठीला सांगितलं: मी सव्वासातला निघते, गाडीत जागा आहे. तिला ऐकू गेलं की नाही सांगता येत नाही. आत गेल्यावर ती कुणाला तरी म्हणाली, केक कापा की आता, आणि पुन्हा सगळे हसले.

गुरुवार, २१ मे, सकाळी साडेनऊ. लॅन्सिंगला एकटीच आले; पुढचं नाव माझं आहे.